दुकानाची वेळ नदीला विचारा

चोपड्याच्या जुन्या फेरी धक्क्याकडे उतरताना उजव्या हाताला माझ्या भावाचं टेलरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक दार, एक मशीन, कापड कापायचं एक मेज आणि कौलांखाली टांगलेला बोर्ड. बोर्डावर लिहिलंय, 'सगुण टेलर. दुकानाची वेळ नदीला विचारा.' परगावचे लोक वाचून हसतात, कोणी फोटोही काढतं. अक्षर मात्र सुंदर आहे, असं सगळेच म्हणतात. असणारच! ते माझं अक्षर आहे. बेचाळीस वर्षं मराठी शाळेत फळ्यावर लिहिलंय मी, थट्टा नव्हे.

पण तो बोर्ड मी कौतुकानं लिहिला नव्हता. रागानं लिहिला होता. आणि माझा राग कसा असतो ते चोपड्यात कोणालाही विचारा, अर्धा गाव माझ्या हातची छडी खाऊन मोठा झालाय.

मी सुमंगला. सगुण माझ्याहून सात वर्षांनी लहान. गोवा मुक्त झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि तो पाच. बाबा आधीच गेले होते. आई सुकतीला नदीत उतरायची, चिखलातून तिसऱ्यांचे शिंपले काढायची, पलीकडे शिवोलीला नेऊन विकायची. सुकती म्हणजे ओहोटी, आमच्याकडे असंच म्हणतात. मी आईबरोबर जायची. सगुणला कडेवर घेऊन जायची आणि काठावर एका दगडावर बसवून ठेवायची. तो दगडावर कधी बसला नाही. पाच वर्षांचा पोर गळ्यापर्यंत पाण्यात, आणि मी वरून ओरडतेय.

मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या. मी शिकले, फायनलची परीक्षा पास झाले, अठराव्या वर्षी शिक्षिका म्हणून माझी ऑर्डर आली. त्या दिवशी आई म्हणाली, "आता तू बाई झालंस. आता चिखलात उतरू नको, लोक हसतले." मी उतरले नाही. आमचं घर नदीपासून शंभर पावलांवर. त्या शंभर पावलांवर मी पस्तीस वर्षं नदीला पाय लावला नाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. लोकांनी ते खरं मानलं, कारण बाई खोटं बोलत नाहीत.

सगुणचं सगळं उलट. मॅट्रिकला त्याला मार्क बरे होते. मी पेडण्याला एका कचेरीत शब्द टाकून त्याला शिपायाची नोकरी मिळवून दिली. स्टूल, भिंत, वर पंखा. अकराव्या दिवशी तो दुपारी घरी. पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातात काळुंदर माशांची माळ.

"नोकरी?" मी विचारलं.

"अक्का, थंय जनेलच ना गो," तो म्हणाला. जनेल म्हणजे खिडकी. "पाणी चढता काय उतरता, काय कळणा. माका श्वास घेवंक मेळणा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरकारी नोकरी, पेन्शन असलेली, खिडकी नाही म्हणून सोडली! सहा महिने मी त्याच्याशी धड बोलले नाही. त्याने आणलेले मासे मात्र खाल्ले. खोटं कशाला बोलू?

त्या सहा महिन्यांत तो रोज फेरीनं शिवोलीला जायचा. तिथे मिंगेल नावाचा म्हातारा आल्फायात होता, म्हणजे शिंपी. साहेबांचे कोट शिवलेला माणूस. त्याच्याकडे सगुण कापायला शिकला, शिवायला शिकला. मिंगेलचं दुकान नदीकडे तोंड करून होतं, म्हणूनच टिकला असणार. दोन वर्षांनी येऊन मला म्हणाला, "अक्का, मी धक्क्यार दुकान घालतंय." मला आनंद झाला. म्हटलं, चला, पोरगा मार्गाला लागला.

कसला मार्गाला! सकाळी दुकान उघडं, दुपारी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी बंद, दुपारी उघडं. सुकती लागली की हा दार ओढून, खांद्यावर पागेर टाकून नदीत. पागेर म्हणजे फेकून मारायचं गोल जाळं, काठाला शिशाचे मणी असलेलं. त्याची दोरी मनगटाला बांधायची, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, आणि शेवट्या माशांचा थवा दिसला की हातातून असं सोडायचं की पाण्यावर पूर्ण गोल पडलं पाहिजे. सगुणचं पडतं. त्या नदीत तसं दुसऱ्या कोणाचं पडत नाही, हे मी सांगत नाही, शिवोलीचे पागी सांगतात, आणि त्यांचा तर तो पिढ्यान् पिढ्यांचा धंदा.

मी एकदा आमच्या हेडमास्तरीणबाईंना ब्लाउज शिवायला त्याच्याकडे घेऊन गेले. रस्ताभर त्याच्या हाताचं कौतुक केलं. दुकान बंद. दुसऱ्या दिवशी गेलो, बंद. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "सुमंगला, तुझ्या भावाचं दुकान आहे ना नक्की?" हसून म्हणाल्या, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. शाळेत एक फळी पडली होती, पांढरा रंग होता. तिथल्या तिथे बोर्ड लिहिला: दुकानाची वेळ नदीला विचारा. त्याच्या दारात नेऊन आदळला. म्हटलं, घे, लाव, लोकांना कळू दे तू काय लायकीचा आहेस!

त्यानं तो दोन्ही हातांत धरून वाचला. मग म्हणाला, "अक्का, किती बरा लिवलंस गो!" आणि स्टूल घेऊन, दोन खिळे मारून, तिथेच टांगला.

मी पाय आपटत घरी आले.

आता गंमत ऐका. त्या बोर्डानं गावाला शिस्त लागली. पूर्वी आम्ही शाळेत पाऊणकी शिकवायचो. एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन. पोरांना कंटाळा यायचा, याचा उपयोग काय म्हणून विचारायची. आमच्या नदीकाठी त्याचा एकच उपयोग. आजची तिथी पाऊणनं गुणायची, समुद्राच्या भरतीची वेळ येते. पाणी चोपड्यापर्यंत चढायला वर अर्धा तास धरायचा. त्यातून सहा तास मागे गेलं की सुकतीचा तळ, आणि तळाच्या आगेमागे दीड-दोन तास सगुण दुकानात नाही. म्हणजे पंचमीला सकाळी दहाला जाऊ नका. दशमीला दुपारी दोनला जाऊ नका. पौर्णिमेला दिवसभर खुशाल जा, तो पहाटे जाऊन आलेला असतो. ब्लाउजासाठी बायका पाऊणकी पाठ करायला लागल्या. हेडमास्तरीणबाईसुद्धा. मी वर्गात जे वीस वर्षांत करू शकले नाही ते त्याच्या बंद दारानं केलं.

जानकी, त्याची बायको, इब्रामपूरची. डोंगराकडची, शेतातली. लग्नाआधी तिनं भरती-ओहोटी पाहिलीच नव्हती. पहिल्या महिन्यात माझ्याकडे येऊन रडली, "अक्का, ह्यांचो रोज जेवचो वेळ बदलता. मी भात केन्ना घालू?" मी तिला पाऊणकी शिकवली. महिन्याभरात ती कॅलेंडरकडे एक नजर टाकून भात घालायला लागली. पुढे काजे लावायला, हुक लावायला शिकली. सगुण नदीत असला की ती दुकानाच्या मागल्या अंगाला बसून हातशिलाई करायची. मुलगी झाली, विमला. त्यांचा संसार चांगला चालला. शिवणाचं येईल त्यात घर, नदीचं येईल त्यात जेवण, आणि जास्तीचं जानकी धक्क्यावर विकायची. ऐशआराम नव्हता, पण तोंड वेंगाडायची पाळी कोणापुढे आली नाही. हे मी त्याला कधी म्हटलं नाही. मी म्हणायची, "बघ, नोकरीत असतास तर आज हेडक्लार्क असतास."

आणि मग पूल झाला.

चोपडे-शिवोली पूल. चांगलाच झाला, गावाला हवाच होता. पण फेरी बंद पडली. सगुणचं गिऱ्हाईक म्हणजे फेरीची वाट पाहणारी माणसं. पंधरा मिनिटं काढायची म्हणून दुकानात टेकायची, जाता जाता कापड देऊन जायची. आता बसगाड्या पुलावरून भुर्रकन पलीकडे. धक्क्यावर शेळ्या बसायला लागल्या. लोक तयार कपडे म्हापशाला घेऊ लागले. वर्षभरात सगुणकडे उरलं ते आमच्या शाळेच्या युनिफॉर्मचं काम आणि चार म्हाताऱ्यांचे ब्लाउज. विमलाची बारावी झाली होती, तिला नर्सिंगला जायचं होतं.

मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. गोकुळदास नावाचा माझा विद्यार्थी किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात होता, चादरी, पडदे, नोकरांचे कपडे हे सगळं त्याच्या खात्यात. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ म्हणजे मला विचारायलाच नको. तळघरात आमची शिलाईची खोली आहे, एसी आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. कायमचं काम. पण शब्द देऊन मागे घ्यायचा नाही हं." मी शब्द दिला. तारीखही मीच ठरवली, पंधरा मे. त्या दिवशी अक्षय तृतीया होती. साडेतीन मुहूर्तांतली. म्हटलं, यावेळी तरी देवाच्या हातानं बांधून टाकते ह्याला.

सगुणला सांगायला गेले तेव्हा तो मशीनला तेल घालत होता. मार्च महिना होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तळघर म्हणजे जमनीखाला?" त्यानं विचारलं.

"हो."

"जनेल?"

"सगुण, तू शेचाळीस वर्षांचा आहेस," मी म्हणाले. "विमलाचं बघ. तुझी नदी तिची फी भरणार आहे?"

खुंटीवर पागेर टांगलेलं होतं. त्याचे दोन-चार मणी त्यानं बोटांत फिरवले. मग म्हणाला, "तू म्हणता तां खरां, अक्का. पंधरा मेपर्यंत माका सोड. मागीर जातंय."

मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. घरी येऊन मला जेवण गेलं नाही. पण मी माझा शब्द मागे घेतला नाही, तसली मी नव्हे.

त्या दिवसापासून तो एकही सुकती चुकवेना. गावात लोक म्हणायला लागले, सगुण नदीचा निरोप घेतोय.

त्याच दिवसांत कमलाक्षीचं झालं. कमलाक्षी माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली, तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची म्होरकी. आवाज असा की चोपड्यात बोलली तर शिवोलीत ऐकू जावं. आमच्या आईच्या वेळेला बायका लुगड्याचा कासोटा मारून नदीत उतरायच्या. आता सगळ्या नायटी घालतात. नायटीवर टॉवेल, आणि चालल्या चिखलात. त्या दिवशी सुकती संपून पाणी चढायला लागलं होतं. चांगल्या तिसऱ्या लागल्या म्हणून कमलाक्षी थोडी जास्त आत गेली. पाणी नायटीत भरलं, नायटी पायांना गुंडाळली, आणि चिखलात अडकलेले पाय निघेनात. पडली. उठायला गेली, पुन्हा पडली. कमरेला दोरीनं बांधलेलं घमेलं वाहून लांब गेलं आणि तेही तिला ओढायला लागलं.

सगुण तिच्यापासून वीस हातांवर होता. त्यानं मनगटाची दोरी सोडून टोक मुठीत धरलं, पागेर गोळा करून तिच्या अंगावरून पलीकडे फेकलं, दोरी तिच्या हातात पडेल असं. नेम कसला! तिनं दोरी धरली, त्यानं जाळ्यासकट तिला काठाला ओढलं. बाईचं नशीब थोर. वर आल्यावर दोन मिनिटं ती रडली आणि तिसऱ्या मिनिटाला सगळ्या नदीला ऐकू जाईल असं ओरडली, "मेल्यान माका शेवट्यासारख्या ओढल्यान!"

सगुण हसला नाही. तो तिच्या नायटीकडे बघत होता. पिळली तर बालदीभर पाणी निघेल एवढी जड झालेली. दुकानात येऊन जानकीला म्हणाला, "चोवीस वर्सां मी कपडे शिवतंय. चोवीस वर्सां ह्या बायल्यांच्या वांगडा नदीत उबो रवतंय. आणि माका कधी सुचला ना!"

त्याच दुपारी त्यानं मशीन सुरू केलं. शाळेच्या युनिफॉर्मचं निळं टेरिकॉट उरलं होतं. पाणी धरत नाही, लवकर सुकतं. त्याची गुडघ्यापर्यंत पँट, कमरेला नाडी आणि खाली गुडघ्यालाही, म्हणजे चिखल आत शिरणार नाही. वर लाज राखायला मांडीपर्यंतचा घेर, पण बाजूंनी कापलेला, पाणी आत आलं की बाहेर जाईल असा. आता माप कोण देणार? बायकांना म्हणे पँटीचं माप! कोणी दुकानाची पायरी चढेना. शेवटी जानकी प्रत्येकीच्या घरी गेली, एक एक दोरी घेऊन. कंबर तिथे एक गाठ, गुडघा तिथे दुसरी, आणि ओळखायला शेंड्याला रंगीत चिंधी. लाल चिंधी कमलाक्षी, पिवळी सुशीला, असं. त्या सात दोऱ्या दुकानात खिळ्याला टांगल्या गेल्या. कोणाची कंबर किती, हे जानकी आणि सगुण सोडून जगात कोणाला माहीत नाही. आजही नाही.

पहिल्या सात जणी निळ्या कपड्यांत नदीत उतरल्या त्या दिवशी काय झालं ते मला शाळेत कळलं, कारण त्या दिवशी शाळेपर्यंत हसू ऐकू आलं. सगुणनं एक चूक केली होती. त्याला वाटलं, घमेलं वाहून गेलं तर माल जातो, तर पँटीला दोन बाजूंना मोठे खिसे असावेत. आम्ही खिशाला बोल्स म्हणतो. चांगले हातभर बोल्स लावले. कमलाक्षीनं दोन्ही बोल्स तिसऱ्यांनी गच्च भरले. पाण्यात काही कळलं नाही. काठ चढायला लागली, आणि सगळं वजन नाडीवर आलं! अर्ध्या चढावर नाडी सुटली. बाई किंकाळी मारून जी परत पाण्यात जाऊन बसली ती उठेना. सहा जणींनी कडं करून तिला घरी नेलं. आणि जाताना ती काठावरून सगुणला ओरडतेय, "मास्टर, तू पुरुस! पुरसाक बोल्स होये, बायलेक नाडी होयी!"

दुसरा कोणी असता तर नाद सोडला असता. सगुणनं बोल्स उसवले. कमरेला मागे दुहेरी शिलाईचा एक फास लावला, घमेल्याची दोरी अडकवायला, एका झटक्यात सुटणारा. आणि खांद्यावरून दोन पट्टे, म्हणजे वजन खांद्यावर, नाडीवर नाही. मग स्वतः ती पँट घालून, घमेलं बांधून, पट्टे लावून नदीत उतरून पाहिली. निळा घेर घातलेला माझा भाऊ नदीत! मला हे ऐकून कुठे तोंड लपवू असं झालं. मी जानकीला म्हटलं, "त्याला सांग, पंधरा मे जवळ आला. हा पोरखेळ पुरे."

जानकी एरवी मला उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "अक्का, तुमी एकदा नदीर येवन बघा."

मी गेले नाही. एप्रिलभर गेले नाही. कानावर मात्र येत होतं. कमलाक्षी म्हापशाच्या बाजारात तिसऱ्या विकायला बसते, तिथे मोरजीच्या, आगरवाड्याच्या, मांद्र्याच्या बायका भेटतात. तिनं आपल्या आवाजात तिथे जाहिरात केली. सावंतवाडीकडच्या खाडीतून दोघी दोऱ्या घेऊन आल्या म्हणे. मी म्हटलं, असतील चार चड्ड्या शिवल्या, त्यानं का संसार चालतो? गोकुळदासाला फोन करून पुन्हा सांगितलं, पंधरा तारखेला आठला सगुण हजर.

पंधरा मेला मी पहाटे उठले. तृतीयेची पूजा केली. सगुणसाठी इस्त्रीचा शर्ट मी आदल्या दिवशीच त्याच्या घरी ठेवला होता. साडेसहाची बस होती. मला खात्री होती तो गेला असेल, कारण तो दिलेला शब्द मोडत नाही.

सव्वाआठला फोन वाजला. "बाई," गोकुळदास म्हणाला, "तुमचा भाऊ आला नाही."

तशीच चपला घालून निघाले. आज याला सोडत नाही! घरी गेले, कुलूप. दुकानावर गेले, दार ओढलेलं. ढकललं, तर आत मेजावर मी दिलेला इस्त्रीचा शर्ट घडी घालून ठेवलेला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीन पाऊणे सव्वादोन, वर अर्धा तास, पावणेतीनची भरती. सहा तास मागे. पावणेनऊला सुकतीचा तळ! तोही अमावास्येनंतरचा, उधाणाचा, महिन्यातला सगळ्यात खोल. अगे बाये! साऱ्या गावाला पाऊणकी शिकवणारी मी, मुहूर्त म्हणून नेमकी तीच तिथी काढली होती.

मी धक्क्याच्या टोकाला गेले.

नदी पार आत गेली होती. चिखलाचं मैदान उघडं पडलं होतं, आणि त्यात बायका. मी मोजल्या. सवयच ती, वर्गात शिरलं की आधी पट मोजायचा. एक्केचाळीस. मधल्या सात जणी माझ्या शाळेच्या निळ्या रंगात, बाकीच्या फुलाफुलांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, कोणी भगव्या, कोणी पोपटी. सगळ्यांचे पाय मोकळे. सगळ्यांच्या मागे फासाला घमेली डोलत होती. चोपड्याच्या होत्या, मोरजीच्या होत्या, कित्येक माझ्याच विद्यार्थिनी. कोणी पडत नव्हती, कोणी कपडा पिळत नव्हती. हसत होत्या, एकमेकींना चिखल मारत होत्या. पस्तीस वर्षांपूर्वी मी आणि आई तिथेच असायचो, त्या डाव्या हाताच्या खडकाजवळ. आईचा कासोटा ओला होऊन तिच्या मांड्या फुटायच्या. ती रोज संध्याकाळी खोबरेल लावायची.

कमरेएवढ्या पाण्यात, सगळ्यांच्या पलीकडे, माझा भाऊ पागेर घेऊन उभा होता. पाण्याकडे बघत. मला त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं अंग वळवलं आणि जाळं सोडलं. पूर्ण गोल पडलं.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

जानकी काठावर बसली होती, मांडीवर नव्या दोऱ्या आणि चिंध्या. मला बघून उठली. "अक्का, काल राती ते म्हणाले, अक्काक दिलेलो शब्द मोडूचो नाय. सकाळी शर्ट घालून बशीक गेले. बस इली. आणि परत इले." ती घाबरलेली होती, पण पुढे म्हणाली, "गणपतीपर्यंतची कामां आसत, अक्का. विमलाची पयली फी भरली आमी सोमवारी. तुमका सांगूक धीर जालो ना."

तोवर कमलाक्षीनं मला पाहिलं. "बाई इल्यो!" तो आवाज! एक्केचाळीस जणी सरळ उभ्या राहिल्या, वर्गात राहायच्या तशा, आणि माझी छाती भरून आली ती आजही आठवली की भरून येते. "बाई," कमलाक्षी म्हणाली, "तुमी मास्टराक जमनीखाला पुरूंक निघाल्यात? मागीर आमचे कपडे कोण शिवतलो?"

सगुणनं मागे वळून पाहिलं. जाळं ओढत ओढत तो माझ्याकडे आला. जाळ्यात चार शेवटे उड्या मारत होते. शेचाळीस वर्षांचा बाप्या, पण चेहरा नेमका पाच वर्षांच्या पोराचा, दगडावरून उठून पाण्यात गेलेल्या. "अक्का," म्हणाला, "माका शिवी घाल. पण बशीत चढूक माझे पाय उचलले नाय गो."

माझ्याजवळ शिव्यांची काही कमी नाही. सगळा साठा तयार करूनच आले होते. पण मी एवढंच म्हणाले, "गोकुळदासाला मी सांगते." आणि मग, कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "आणि माझं माप घे."

"कसला?"

"कसला म्हणजे? ह्या घालतात त्याचं. निळा नको, शाळेत डोळे दुखतात निळा बघून. हिरवा असेल तर बघ."

जानकीनं तोंडावर हात धरला. सगुण माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरले, पण मेला माझाच भाऊ, सरळ कसा वागेल? जाळं खांद्यावर टाकत म्हणाला, "आता दुकान बंद आसा, अक्का."

"बंद? मग उघडणार कधी?"

त्यानं धक्क्याच्या वरच्या अंगाला हात केला. "बोर्ड वाच. लिवणारी बाई हुशार होती." आणि पाण्यात परत गेला.

एक्केचाळीस बायका हसल्या. मी बोर्डाकडे पाहिलं नाही, पाहायची गरज नव्हती. चपला काढून पायरीवर ठेवल्या, साडी पोटऱ्यांपर्यंत वर घेतली, सुकतीतही पाण्याला टेकणाऱ्या शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले. दुकान उघडायला अजून दीड तास होता. मी बसून राहिले.